सात हिरव्या, एक लाल

आमच्या म्हाताऱ्याच्या फोनवर सोमवारी दुपारी दोन वाजता निरोप आला. पोरगी तेव्हा शाळेतून नुकतीच घरी आली होती, बूटही काढले नव्हते तिने. वर्गाच्या पालकांचा एक गट आहे फोनवर, ‘पहिली ब’. त्यावर शिक्षिकेने लिहिलं होतं: ‘प्रिय पालकहो, गुरुवारपर्यंत प्रत्येक मुलाने बोझुईचा नमुना करून आणावा. नमदा, काड्या, पुठ्ठा. काम नीटनेटके हवे. फोटो तालुक्याला पाठवायचे आहेत.’ खाली एक हसरा चेहरा.

मी तो निरोप दोनदा वाचला आणि माझं डोकं फिरलं. खरी बोझुई, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं गोल तंबूघर, उभी करायला आमच्याकडे चार माणसं लागतात, आणि चारही जणं एकमेकांवर खेकसत असतात. तिचा नमुना सात वर्षांच्या पोरीने तीन दिवसांत करायचा, तोही नीटनेटका! सप्टेंबरात पहिल्या सभेला याच शिक्षिकेने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पहिलीला गृहपाठ नसतो, वरून तसा हुकूमच आहे, मुलांना खेळू द्या. सभेला टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर एकही आठवडा गृहपाठावाचून गेला नाही. अक्षरं गिरवा, पान दहा वेळा वाचा, वाचतानाचं चित्रण पाठवा, पानगळीची पानं चिकटवा. आता हे घर.

“नाही केलं तर?” मी म्हाताऱ्याला विचारलं.

“तर शिक्षिकेच्या तक्त्यात नावापुढे लाल गोळा येतो,” तो म्हणाला. “आणि तक्ता मीरगुल बघते.”

मीरगुल म्हणजे आमची सून. ती आणि आमचा थोरला, तालाय, बिश्केकला असतात. ही पोरगी, बेगायिम, त्यांचीच पहिली मुलगी. पण आमच्यात पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या ओटीत घालतात, तशी ती चाळीस दिवसांची असताना मीरगुलने माझ्या ओटीत घातली. तेव्हापासून ती माझी. मला आपा म्हणते, म्हणजे आई; मानाने गावही तेच म्हणतं. म्हाताऱ्याला आवा म्हणते, म्हणजे बाप. जन्मदात्या बापाला बायके म्हणते, दादा म्हणतात तसं, आणि जन्म दिला त्या मीरगुलला जेने, म्हणजे वहिनी. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. निदान मला वाटत नव्हतं. मीरगुलला काय वाटत होतं ते मी सात वर्षांत कधी विचारलं नाही, आणि ही माझी चूक मी आधीच कबूल करून टाकते.

तर त्या मीरगुलने पोरगी शाळेत गेल्याबरोबर बिश्केकहून स्वतःला त्या गटात घालून घेतलं. दूध सुटलं, चालायला लागली, गोवर निघाला, तेव्हा ही बाई महिन्यातून एकदा फोन करायची. तक्ता आला आणि ती रोज फोन करायला लागली.

आता एक सांगायला हवं. गावात नमद्याचं काम येणारी मी एकटीच उरले आहे. माझ्या वयाच्या बाकीच्या बायकांची बोटं गेली किंवा त्या स्वतः गेल्या. त्यामुळे निरोप आला त्याच संध्याकाळी दुकानवाली गुलसून दारात हजर. हातात साखरेचा पुडा, चेहरा मधासारखा.

“शाइरकुल आपा, जीव वाचवा! आमच्या आदिलेतची बोझुई. मला तर सुईत दोरा घालता येत नाही.”

“आदिलेतला करू दे की.”

“अहो, तो काय करणार? तो नाक नीट पुसत नाही.”

“मग नाक पुसायचा गृहपाठ दे म्हणावं शिक्षिकेला.”

गुलसून खदखदून हसली, पण हलली नाही. आमच्यात दारात आलेल्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत, निदान मला कधी जमलं नाही. मी नमद्याचा तुकडा काढला. तिच्या मागून दवाखान्यातली नाझीरा आली. मग पोस्टातल्या बाईची बहीण, मग आणखी कोण कोण. बुधवारपर्यंत मी सात बोझुया केल्या. कलिंगडाएवढी एकेक. वर छताचं लाकडी चक्र, भोवती रंगीत पट्टा, दाराला विणलेला पडदा. खोटं कशाला बोलू, सुंदर झाल्या होत्या. शिव्या घालत केल्या, पण हात काही वाईट काम करायला तयार होईनात.

आणि बेगायिम? ती चुलीपाशी पालथी पडून स्वतःची करत होती. तिने मला एकदाही ‘करून दे’ म्हटलं नाही. फक्त विचारायची. “आपा, दोर खालून घ्यायचा की वरून?” मी सांगायची, आणि ती नेमकं उलट करायची. तिची भिंत एका बाजूला कलली होती. चक्र वाकडं बसलं होतं. एका बाजूचा नमदा तिने खालून वर गुंडाळला होता आणि त्या फटीतून लोकरीचा एक गोळा आत डोकावत होता, त्याला काजळीचे दोन डोळे.

“हे काय गं?”

“कोकरू. उन्हाळ्यात वर कुरणावर गरम होतं तेव्हा आवा नमदा गुंडाळतो ना, मग ते आत येतं. आणि तू ओरडतेस.”

मी चाळीस उन्हाळे त्या घरात काढले आहेत. चाळीस उन्हाळे कोकरांना हाकललं. माझ्या सातांपैकी एकातही कोकरू नव्हतं, मला सुचलंच नाही. मी म्हाताऱ्याला हाक मारली, तो आला, गुडघ्यावर बसून बघितलं आणि म्हणाला, “ही बोझुई चांगली आहे. हिच्यात कोणीतरी राहतं.” पोरगी लाजून गालिच्यात तोंड खुपसून बसली.

गुरुवारी दुपारी तक्ता आला. नावं, समोर रंगीत गोळे. आदिलेत, हिरवा. नाझीराची मुलगी, हिरवा. माझ्या सातही हिरव्या, त्यातली आदिलेतची तालुक्याच्या प्रदर्शनाला निवडलेली. बेगायिम, लाल. पुढे शेरा: ‘काम अस्वच्छ. घरातील मोठ्यांनी लक्ष द्यावे.’

लक्ष द्यावे! मला! तळपायाची आग मस्तकात गेली. हे पुरेसं नव्हतं म्हणून अर्ध्या तासात मीरगुलचा फोन.

“आपा, बघितलंत ना?” ती म्हणाली. “अठ्ठावीस मुलांत एकच लाल. आम्ही शनिवारी येतोय. तिमाही संपायची वाट बघायची नाही असं ठरवलंय. इथली शाळा तिला घ्यायला तयार आहे. रविवारी घेऊन जातो.”

“एका गोळ्यासाठी?”

“एका गोळ्यासाठी नाही, आपा. तुमच्याकडे तिचा अभ्यास घ्यायला कोणी नाही म्हणून.”

फोन ठेवला तेव्हा बेगायिम खोलीच्या मध्यभागी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकायला लागली. दाणे आधीच टाकलेले होते.

शुक्रवारी मी डोक्याला चांगला रुमाल बांधला आणि शाळेत गेले. पडवीत टेबलं मांडून सगळ्या बोझुया लावल्या होत्या. माझ्या सात पुढच्या रांगेत. बेगायिमची मागे, खिडकीच्या कोपऱ्यात, कोकरू भिंतीकडे वळवलेलं.

शिक्षिका एल्नुरा, आमच्याच गावची पोर, तिच्या आईचं लग्न लागलं तेव्हा भाकऱ्या मी भाजल्या होत्या. ती लगबगीने आली. “आपा, या ना, चहा घेता?”

“चहा नको. हे कोणी केलं?” मी पुढची बोझुई उचलली.

“आदिलेतने.”

“वय किती त्याचं?”

“सात.”

“हा टाका मला यायला तेरावं वर्ष लागलं, आणि तोवर माझी आई सुईच्या उलट्या टोकाने माझी बोटं झोडपत होती. हे कोणी केलं? आणि हे? आणि हे? थांब, मीच सांगते.” मी एकेक उचलून तिच्या हातात देत गेले. चौथी दिल्यावर तिच्या हातात जागा उरली नाही. “सगळ्या माझ्या. तू मला सात हिरवे दिलेस, पोरी. मी एकसष्ट वर्षांची आहे, मला पहिलीतून दुसरीत घालणार का?”

तिने मान खाली घातली. “मला माहीत आहे, आपा.”

“काय माहीत आहे?”

“तुम्ही केल्यात ते. सगळ्यांना माहीत आहे. मुख्याध्यापिकेला पण.”

आता सांगा, या उत्तरावर माणसाने काय करावं? मी भांडायला आले होते, ती कबुली देऊन बसली. जिला काही कळत नाही तिला समजावता येतं. जिला सगळं कळतं आणि तरी ती लाल गोळा काढते, तिचं काय करायचं?

“मग माझ्या पोरीला लाल का? सगळ्या वर्गात एकटीने स्वतःच्या हाताने काम केलं, तिला लाल?”

“फोटो जातात, आपा. तालुक्याचे लोक विचारतात, हे याच वर्गातलं का म्हणून. वर्ग मागे आहे म्हणतात. मग मला बोलावतात.”

“आणि पहिलीला गृहपाठ नाही म्हणून तूच सांगितलंस ना सभेत?”

“हा गृहपाठ नाही,” ती पाठ केल्यासारखी म्हणाली. “हा कुटुंबासोबतचा उपक्रम आहे.”

“नाव बदललं म्हणून गाढवाचं खेचर होतं काय गं?”

ती हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. मला तेही आवडलं नाही, कारण रडणाऱ्या बाईवर नीट ओरडता येत नाही. म्हणाली, “माझा मुलगा दुसरीत आहे, आपा. त्याचं सगळं सासूबाई करतात. मी तोवर हे तक्ते भरत असते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “सोमवारी दुसरी बोझुई आणा. मी हिरवा करते, शेरा काढते. बेगायिमवर माझा राग नाही हो. वर्गात पहिला हात तिचाच वर असतो.”

“दुसरी कोण करणार? ती की मी?”

ती हातातल्या बोझुया टेबलावर परत मांडायला लागली. मी निघाले. जाताना खिडकीपाशी गेले आणि कोकराचं तोंड लोकांकडे वळवून ठेवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

शनिवारी दुपारी तालाय आणि मीरगुल आले. धाकट्या दोघांना तिच्या आईकडे ठेवून आले होते. मागच्या सीटवर एक रिकामी बॅग. म्हाताऱ्याने मेंढी कापली, मी कणकेचे बोर्सोक तळले, जेवायला बसलो. बेगायिम तालायच्या शेजारी बसली, विचारलं तेवढं बोलली. मग तालाय तिला म्हणाला, “जा, बाहेर खेळ,” आणि मला कळलं आता सुरुवात होणार.

सुरुवात मीरगुलने केली. “सात केल्यात तुम्ही, आपा. गुलसूननेच फोनवर सांगितलं, कौतुक करत होती. सात परक्या पोरांच्या. आणि हिचीच एक नाही केलीत?”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. “त्या दारात आल्या. नाही म्हणवलं नाही.”

“आणि घरातल्या पोरीला म्हणवलं?”

“तिने मागितलीच नाही! तिला स्वतः करायची होती. सात वर्षांची आहे ती, मीरगुल. सात वर्षांच्या मुलीची बोझुई वाकडी असते. सरळ असेल तर ती तिची नसते. एवढी साधी गोष्ट शाळेला कळू नये?”

“शाळेला काय कळतं ते बघत बसलो तर तिचं वर्ष जाईल,” तालाय म्हणाला. “बिश्केकात सगळेच आई-बाप करतात. रीतच आहे ती.”

“मग आई-बापांनाच दप्तर द्या! पोरांना घरी ठेवा!”

“आपा, ओरडू नकोस.”

“ओरडणार! माझ्या घरात ओरडणार! सकाळी आठला पोर बाकावर बसवतात, दुपारी सोडतात, आणि घरी आलं की घरालाच शाळा करतात. त्याने माती कधी चिवडायची? आवाबरोबर घोड्यावर कधी बसायचं? झोपायचं कधी? मोठी माणसं कामावरून घरी आली की पाय पसरतात. सात वर्षांच्या पोराला तेवढाही हक्क नाही का?”

इतका वेळ म्हातारा चहाच्या वाटीत बघत होता. तो हळूच म्हणाला, “तालाय, तुझा गृहपाठ कोणी करून दिला रे?”

“कोणी नाही,” तालाय म्हणाला. “कोणी माझ्या शेजारीही बसलं नाही. तुम्ही दोघं मेंढ्यांमागे. म्हणून मी आज दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा करतोय.”

मला त्याच्या शब्दांचा राग आला आणि तो राग कुठे काढावा ते कळेना, कारण तो खरं बोलत होता. पण त्याच्या शेजारी बसणं वेगळं आणि त्याच्याऐवजी बसणं वेगळं, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर भांडी घासताना सुचलं. तोवर सगळे उठले होते.

उठण्याआधी मीरगुल शेवटचं बोलली. “एल्नुरा म्हणाली सोमवारी दुसरी आणली तर हिरवा करेल. आपा, तुम्ही ते करणार असाल, यापुढेही करणार असाल, तर राहू दे ती. मी जबरदस्ती करत नाही. पण तुम्ही करणार नसाल तर मला करू द्या. माझी पोरगी आहे.” मग तिचा आवाज फुटला. “ती मला वहिनी म्हणते, ते मी चालवून घेतलं. वर्गात ती शेवटची असलेलं मी चालवून घेणार नाही.”

“मी खोटं काम तिच्या नावावर खपवणार नाही,” मी म्हणाले.

“बरं,” तालाय म्हणाला. “उद्या दुपारी निघतो. कपडे भरून ठेव.”

रविवारी सकाळी मी मागच्या खोलीत कपडे भरायला बसले. लोकरीचे मोजे, दोन झगे, कानटोपी. हात चालत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दार किलकिलं झालं आणि बेगायिम आत आली. पांढऱ्या नमद्याचा मोठा तुकडा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. माझ्या पेटीतला, चांगल्यातला.

“आपा, तू कर.”

“काय करू?”

“बोझुई. आदिलेतची केलीस तशी. मग मी राहीन ना?”

मी हातातली कानटोपी खाली ठेवली.

“मी सांगेन मीच केली. मला सांगता येतं.” ती तुकडा माझ्या मांडीवर ठेवून अंग चोरून उभी राहिली. “जेनेची गाडी दुपारी जाणार. तू भरभर करतेस. होईल ना?”

काल मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. शाळेत जाऊन शिक्षिकेला रडवलं होतं. गावभर माझा हेका माहीत आहे. पण काल माझ्यासमोर मीरगुल होती, तालाय होता, तक्ता होता, आणि त्यांच्याशी मी मरेपर्यंत भांडले असते. आता समोर ही उभी होती, पायात वेगवेगळे मोजे. मी सुई घेतली.

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. दोरा तोडून देत होती, काड्या मोजून देत होती. खालून की वरून, काही विचारलं नाही. दार शिवून झालं तेव्हा मी म्हणाले, “बेगायिम, तुझं कोकरू घालायचं का? ते तू कर. तेवढं तरी कर.”

“नको,” ती म्हणाली. “ते असलं की लाल देतात.”

मी पुढचा टाका घातला आणि बोटात सुई गेली. इतक्या वर्षांत मला सुई टोचली नव्हती. रक्त पांढऱ्या नमद्याला लागू नये म्हणून मी बोट तोंडात घातलं, आणि त्याच वेळी मला असं रडू यायला लागलं की दात आवळून धरावे लागले. कोणावर रडायचं? एल्नुरावर? तालुक्यातल्या फोटो बघणाऱ्यांवर? ज्याने सात वर्षांच्या लेकरांच्या नावासमोर पहिल्यांदा रंगीत गोळा काढला त्याचं नावही मला ठाऊक नाही, नाहीतर मी पायी चालत त्याच्या दारात गेले असते.

बाराच्या सुमारास बोझुई झाली. बेगायिमने ती दोन्ही हातांत घेतली आणि सावकाश पावलं टाकत अंगणात नेली. तालाय गाडी पुसत होता, मीरगुल दाराशी उभी होती.

“बायके, बघ.”

तालायने फडकं खाली ठेवलं. चक्राला बोट लावून बघितलं, पट्टा बघितला, उकिडवा बसून दाराचा पडदा वर केला. त्याचा चेहरा उजळला. “कोणी केली?”

“मी,” बेगायिम म्हणाली. त्याच्या डोळ्यांत सरळ बघत, पापणीही न हलवता.

त्याने मीरगुलकडे बघितलं. मीरगुल बोझुईकडे बघत होती, मग माझ्या चिंधी गुंडाळलेल्या बोटाकडे. तालाय माझ्याकडे वळला. तो माझा मुलगा आहे, लहानपणी कधी खोटं बोलला तर मी त्याचा कान पिरगाळायची, आणि मी खोटं बोलत नाही हे त्याला जन्मापासून माहीत आहे.

“खरंच हिने केली, आपा?”

बेगायिमने माझ्या झग्याचं टोक मुठीत धरलं.

“हिनेच केली,” मी म्हणाले. “एकटीने.”